पैलतीराला हाक : आत्याच्या फोनची बॅटरी साडेतीनलाच का संपायची

साताऱ्याहून कास पठार ओलांडून बामणोलीला उतरलं की समोर पाणी येतं. कोयना धरणामागचा हा शिवसागर जलाशय. या काठावरून त्या काठाला जायचं तर लाँच, आणि लाँच गेलेली असेल तर धक्क्यावर उभं राहून हाक मारायची. माझी आत्या याच खोऱ्यात आशा म्हणून काम करते. तिच्या वाट्याला तीन वाड्या. त्यातल्या दोन पाण्यापलीकडे, आणि त्या दोन वाड्यांच्या मध्ये तासाभराची जंगलवाट.

साताऱ्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीत आत्या आली ती फोन काउंटरवर ठेवूनच म्हणाली, ‘‘बाळा, बॅटरी बदलून दे. दुपारी साडेतीनला मरतोय. नऊ-दहा टक्के दिसतात, फोन लावायला जावं तर पडदाच काळा.’’

आशाच्या हातातला फोन कसा असतो हे आधी सांगायला हवं. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिच्या घरी जायचं. बाळाचं वजन घ्यायचं, ताप बघायचा, ॲपमध्ये माहिती भरायची, फोटो जोडायचा. तब्येत बिघडलेली दिसली तर १०८ ला फोन करायचा, आणि रुग्णवाहिका काठापर्यंत येईतो लाँचवाल्याला गाठायचं. हे सगळं एकाच फोनवर. साडेतीनला तो फोन बंद पडणं म्हणजे संध्याकाळी कुणाला कळा सुरू झाल्या, तर आख्ख्या वाडीत रेंजची जागा ठाऊक असलेली एकमेव बाई बिनफोनची असणं. त्यामुळे हा माझ्यासाठी नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन नव्हता.

फोन तीन वर्षांचा, ५००० एमएएचचा, साधा एलसीडी पडदा, दोन सिम, ५जी चालणारा. मागचं झाकण उचललेलं नव्हतं, म्हणजे बॅटरी फुगलेली नव्हती. अ‍ॅक्युबॅटरी ॲप घालून तीन-चार वेळा चार्ज करून पाहिलं, तर साधारण ४००० एमएएच उरल्याचा अंदाज आला. तीन वर्षांत पाचवा हिस्सा गेला, हे वाईट नाही. नवी बॅटरी टाकली असती तर जेमतेम दोन तास वाढले असते, आणि साडेतीनच्या ऐवजी साडेपाचच्या सुमारास फोन मेला असता. खरं सांगतो, तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी बॅटरी बदलून, पैसे घेऊन मोकळा झालो असतो. आमच्या धंद्यात हेच चालतं आणि ते बरोबर नाही.

आत्याने तोवर काय काय करून पाहिलं होतं? ब्राइटनेस तळाला. उन्हात अक्षर दिसत नाही म्हणून पदर डोक्यावरून पुढे ओढून, त्याच्या सावलीत फोन धरून ती फॉर्म भरायची. कुणीतरी घालून दिलेलं ‘बॅटरी वाचवणारं’ ॲप होतं, ते स्वतःच दर थोड्या वेळाने जाहिरात दाखवत होतं. दर दहा मिनिटांनी उघडी ॲपं सरकवून बंद करायची. डार्क मोड चालू. आणि मुलाने सांगितलेलं, ‘‘व्हॉट्सॲप कमी बघ.’’ ते ऐकून ती बिचारी खरोखर अपराधी झाली होती. ‘‘मी कुठं बघते रे एवढं?’’ असं दोनदा म्हणाली.

ती बघत नव्हतीच. पण हे कळायला मला एक वही लागली.

फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा हिशेब असतो, त्यात सगळ्यात वर पडदा आणि त्याखाली व्हॉट्सॲप दिसत होतं. लोक तिथेच थांबतात. पण पुष्कळ फोनमध्ये रेडिओने, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागाने, खाल्लेली वीज या यादीत नीट वेगळी दिसत नाही. कधी ती ॲपच्या नावावर टाकली जाते, कधी खाली ‘मोबाईल नेटवर्क’ म्हणून एक बारीक ओळ असते. म्हणून मी आत्याला शंभर पानी वही दिली. तीनच गोष्टी लिहायच्या : किती वाजले, कुठे आहेस, किती टक्के. आणि फोन हातात घेतलास की एक फुली.

पहिल्या आठवड्यातल्या एका दिवसाचं पान माझ्याकडे अजून आहे. सकाळी ७:५० ला घरी १००. साडेतीनला ११. या ७ तास ४० मिनिटांत पडदा चालू होता साधारण २ तास २० मिनिटं, त्यात गेले ३६ टक्के. उरलेले ५३ टक्के गेले ते पडदा बंद, फोन नुसता पिशवीत पडून असताना. पलीकडच्या दोन वाड्यांमधली वाट चालायला तिला ७० मिनिटं लागली, एकही फुली नाही, आणि ६८ चे ५७ झाले. ११ टक्के. त्याच वहीत आदल्या रात्रीची नोंद होती : रात्री दहा ते सकाळी सात, घरात कपाटावर, खर्च ६ टक्के. नऊ तासांत सहा आणि सत्तर मिनिटांत अकरा, दोन्ही वेळा फोनला हातही न लावता.

इथे प्रकरणाला वळण लागलं. वापर हा प्रश्नच नव्हता. प्रश्न पिशवीतल्या फोनचा होता.

माझा अंदाज खरा की खोटा ते बघायला फोन उघडला, बॅटरी काढली आणि आम्ही दुरुस्तीला वापरतो त्या डीसी सप्लायवर लावला. त्यावर फोन किती करंट ओढतोय ते आकड्यात दिसतं. दुकानात रेंज भरपूर. पडदा बंद केल्यावर आकडा दहा-वीस मिलीअँपियरवर बसला, मधूनच एखादी उडी. मग बुटाचं रिकामं खोकं घेतलं, बाहेरून स्वयंपाकाची फॉइल दुहेरी गुंडाळली, फोन आत ठेवला, वायरी कोपऱ्यातून बाहेर. दोन मिनिटं काही नाही. नंतर आकडा दीडशे, अडीचशे, खाली, परत अडीचशे. आत्या शेजारी उभी राहून बघत होती. ‘‘हा आतमधी काय करतोय?’’ तिने विचारलं.

‘‘लाँचवाल्याला हाका मारतोय,’’ मी म्हटलं, आणि तिला लगेच कळलं.

खरंच तसंच आहे ते. टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो, लांब असला की ओरडतो. ४जी फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलीवॅट ताकदीने लहरी सोडतो, आणि टॉवरच्या जवळ तो हजारो पटींनी हळू आवाजात बोलतो. त्या २०० मिलीवॅटसाठी आतला ॲम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो, उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणून खोऱ्यात पिशवीतला फोन कोमट लागतो. आणि टॉवर अजिबातच सापडला नाही तर फोन गप्प बसत नाही. तो एकामागून एक सगळे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, चाळत बसतो, थोडा थांबतो, पुन्हा चाळतो.

पडदा बंद असताना फोनने झोपावं म्हणून अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, सहाव्या आवृत्तीपासून, ‘डोझ’ नावाची सोय आहे. पण तिची खरी गाढ झोप फोन टेबलावर स्थिर पडलेला असेल तेव्हाच लागते. चालत्या माणसाच्या पिशवीतला फोन हलत असतो, त्याला सातव्या आवृत्तीपासूनची हलकी डुलकी तेवढी मिळते. कपाटावरचे ६ टक्के आणि जंगलवाटेचे ११ टक्के यांत याचाही थोडा वाटा आहे.

आता आत्याच्या फोनमधलं खास कारण. दोन सिमपैकी एकाचा टॉवर तिच्या घराच्या बाजूला, आणि पलीकडच्या वाड्यांतही त्याची एक-दोन काड्या रेंज येते. दुसरं सिम जुनं, बँकेला जोडलेलं. त्याला पाणी ओलांडलं की शून्य. म्हणजे दिवसातले पाच-सहा तास दुसरं सिम एकटंच हाका मारत होतं. त्यातून फोन ५जी पसंतीवर. आपल्याकडे ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण आत्याच्या तिन्ही वाड्यांत त्याचा पत्ता नाही. फोन मात्र नव्या टॉवरच्या आशेने चाचपडत राहणार. तिसरी गोष्ट, दर भेटीचे फोटो. एका काडीवर फोटो जात नाही, अर्धा जातो, तुटतो, पुन्हा सुरू होतो. चांगल्या रेंजमध्ये पाच सेकंदांत जाणारा फोटो इथे पाच-दहा मिनिटं रेडिओ जागा ठेवतो.

नऊ-दहा टक्के असताना बंद पडण्याचं कोडंही यातच सुटलं. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. कमकुवत रेंजमध्ये कॉल लावला की रेडिओ एकदम मोठा करंट मागतो, व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. टक्के खोटे नसतात, पण ते कॉल पेलतील याची खात्री नसते.

उपाय मी एकेक करूनच करायला लावले, प्रत्येक बदलाला दोन दिवस. सगळे एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मापाला एकच आकडा धरला : पिशवीत असताना तासाला किती टक्के. सुरुवातीला तो १० होता.

दुसरं सिम सेटिंगमधून बंद केलं. १० चे ६ झाले. एका खटक्यात!

पण तिसऱ्याच दिवशी आत्याचा फोन आला आणि तिचा आवाज बरा नव्हता. वरच्या वाडीतल्या एका सुनेचा नवरा मुंबईत असतो, त्याच्याकडे आत्याचा जुनाच नंबर. त्याने रात्री तीनदा फोन लावला, नंबर बंद. सुदैवाने साधा ताप होता. बॅटरी वाचवताना माणूस तुटत असेल तर तो उपाय मला मान्य नाही. म्हणून जुन्या नंबरचे कॉल नव्या नंबरवर वळवून घेतले. हे वळवणं टॉवरच्या बाजूने, कंपनीच्या यंत्रणेत होतं, त्यामुळे सिम बंद असलं तरी चालतं. पूर्वी यासाठी एक कोड दाबला की काम व्हायचं. तो कोड गोड बोलून दाबायला लावायचा आणि ओटीपीचे कॉल स्वतःकडे वळवायचे, अशा फसवणुकी वाढल्यावर दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडवरचं वळवणं थांबवायला सांगितलं. म्हणून आत्याला कंपनीच्या दुकानात नेऊन, ओळख पटवून ते सुरू करून घेतलं. कुणी फोनवरून कोड सांगितला तर दाबायचा नाही, हेही तिथेच तिला सांगितलं. एसएमएस मात्र वळत नाहीत. बँकेचे मेसेज येतात म्हणून संध्याकाळी घरी पोचल्यावर ती दुसरं सिम चालू करते, सकाळी लाँचमध्ये बसताना बंद.

५जी काढून ४जी पसंतीला लावलं. ६ चे ५. मला जास्त अपेक्षा होती, पण वही जे सांगते ते सांगते.

फोटोंच्या बाबतीत माझी चूक झाली, ती लिहायला हवी. आशांच्या कामाचं ॲप मागे सतत धडपडतंय म्हणून मी त्याला बॅटरी सेटिंगमध्ये ‘प्रतिबंधित’ केलं. दोन दिवसांच्या भेटींची माहिती वर गेलीच नाही, आणि आत्याला वरून विचारणा झाली. ज्या ॲपवर माणसाचं काम आणि मोबदला अवलंबून आहे त्याला हात लावायला नको होता. ते परत मोकळं केलं. त्याऐवजी फोटो पाठवण्याची जागा बदलली. दुसऱ्या वाडीत देवळामागे दगडी पायऱ्या आहेत, तिथून समोरच्या काठाचा टॉवर थेट येतो. फोनच्या माहितीत सिम स्टेटस उघडलं की रेंजचा खरा आकडा डीबीएम या मापात दिसतो, उण्यामध्ये, आणि तो शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. वाडीच्या चौकात तो उणे ११६ होता आणि पायरीवर उणे ९२. काड्यांमध्ये हा फरक एक-दोनचाच वाटतो, ताकदीत तो अडीचशे पटींचा आहे. आता आत्या भेटी झाल्या की पायरीवर बसते, पाणी पिते, डेटा चालू करते, सगळं एका दमात पाठवते आणि डेटा बंद करते. व्हॉट्सॲपची आपोआप उतरणारी चित्रं आणि मोबाईल डेटावरचा फोटो बॅकअप, दोन्ही बंद. ५ चे साडेतीन झाले.

उरली जंगलवाट. तिथे तसंही कुणाचा कॉल लागत नाही. वाटेला लागताना विमान मोड, वरच्या वाडीचं पहिलं घर दिसलं की बंद. त्या ७० मिनिटांत आता एक टक्का जातो. आत्याला भीती होती की विमान मोडमध्ये ॲपला जागा कळणार नाही. पण जीपीएस नुसतं ऐकतं, उपग्रहाशी बोलत नाही, त्यामुळे विमान मोडमध्येही ते चालतं.

ज्या गोष्टींवर ती इतके दिवस झिजत होती त्या सगळ्या मी उलट्या फिरवल्या. ब्राइटनेस ऑटोवर आणला. पदराखाली डोळे ताणून भरलेला फॉर्म चुकतो, आणि चुकलेला फॉर्म दुसऱ्यांदा भरायला जास्त वेळ पडदा जळतो. डार्क मोड तिच्या फोनवर निरुपयोगी होता. एलसीडीच्या मागचा दिवा काळ्या रंगालाही तितकाच पेटलेला असतो, काळ्यात वीज वाचते ती ओएलईडी पडद्याची. ‘बॅटरी वाचवणारं’ ॲप काढून टाकलं. आणि सरकवून ॲप बंद करणं थांबवलं. अँड्रॉइड नको असलेलं ॲप स्वतः गोठवून ठेवतं, आपण ते पूर्ण मारलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून उभं करायला उलट जास्त वीज लागते.

बॅटरी पाचव्या हिश्श्याने का झिजली, हे मला तिच्या घरी गेल्यावर कळलं. चार्जरची जागा चुलीच्या वरच्या फळीवर. घरात प्लग पॉइंट तिथलाच चांगला, बाकीचे हलतात. म्हणजे रात्री भाकरी होत असताना फोन वर चार्ज होत असायचा. मी हात लावला तर मागची बाजू चटका बसेल इतकी तापलेली. लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही म्हातारं करत नाही, त्यातून शंभर टक्के भरलेली आणि तापलेली, हे दोन्ही एकदम असलं तर फारच वाईट. ‘पूर्ण संपू दे, मग चार्जिंगला लाव’ हा जुना सल्लाही ती पाळत होती. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे, या बॅटरीला उलट पूर्ण रिकामं होणं मानवत नाही. मी ओसरीवर नवीन प्लग पॉइंट ओढून दिला. वायर, बोर्ड आणि अर्ध्या दिवसाचं काम. सगळ्या उपायांत हा सगळ्यात मोलाचा, आणि तो फोनच्या सेटिंगमध्ये नाही.

पावसाळ्यात तिथे दोन-दोन दिवस लाईट नसते, म्हणून एक पॉवर बँकही दिली, १०,००० एमएएचची. तिला आधीच सांगून ठेवलं की हा फोन दोनदा भरणार नाही. तो आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टचा असतो. ५ व्होल्ट करून बाहेर काढताना सहा-साडेसहा हजारच हाताशी येतात, म्हणजे दीड वेळा धरायचं. खोक्यावर हे बारीक अक्षरात छापलेलं असतं, वाचून घ्यावं. ती पॉवर बँक पिशवीत नसते, घरी डब्यात असते, फक्त लाईट गेल्यावर निघते.

महिन्याने वही परत बघितली. साडेतीनला ४७ ते ५२ च्या मध्ये कुठेतरी. संध्याकाळी सातला चाळिशीच्या आसपास. बॅटरी तीच, बदललेली नाही. ॲपचा अंदाज ३५०० एमएएचच्या खाली गेला, किंवा वीस टक्क्यांच्या वर असताना फोन बंद पडायला लागला, तर बदलू, आणि ती अधिकृत सेंटरमधून मूळ बॅटरीच बदलू. फुगली तर त्याच दिवशी.

मागच्या खेपेला आत्या आली तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर तिने स्वतःच एक यादी केलेली दिसली. वर लिहिलं होतं ‘रेंज कुठं’. देऊळ, मागची तिसरी पायरी, ९२. शाळेची उत्तरेकडची खिडकी, १०१. वरची वाडी, जांभळाखाली, १०४, पाऊस असला तर नाही. लाँचमध्ये मधोमध, ८८. शेजारच्या वाडीत नवीन आशा लागली आहे, तिचाही फोन दुपारी मरतो. पान फाडून द्यायचं नाही म्हणून आत्याने ते माझ्या दुकानात झेरॉक्स काढून घेतलं, दोन प्रती.